खोट्या नाण्याची वंशावळ

कोविडवरच्या रेमडेसिव्हिरच्या एका व्हायलमध्ये औषध असतं १०० मिलिग्रॅम. आत दिसणारी पांढरी भुकटी मात्र त्याच्या तिसेक पट असते. रेमडेसिव्हिर पाण्यात धड विरघळत नाही, म्हणून त्याच्या जोडीला सायक्लोडेक्स्ट्रिन नावाचा पदार्थ घालावा लागतो, सुमारे ३ ग्रॅम. आणि सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे पिष्टापासून बनवलेलं, ग्लुकोजच्या रेणूंचं एक कडं. म्हणजे अस्सल व्हायलमध्येही वजनाने पाहिलं तर बहुतेक ऐवज साखरेच्या गणगोतातला. मे २०२१मध्ये गुजरात पोलिसांनी जी टोळी पकडली, तिच्या व्हायल्समध्ये नुसतं ग्लुकोज आणि मीठ भरलेलं होतं. त्या व्हायल्स जबलपूरपर्यंत पोचल्या होत्या.

मराठी घरांत जबलपूर ठाऊक असतं ते भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे, नाहीतर नर्मदा परिक्रमा करून आलेल्या एखाद्या मावशीच्या तोंडून. जुन्या लोकांना आणखी एक नातं आठवतं. १९५६पर्यंत हे शहर आणि नागपूर एकाच प्रांतात होती, आणि राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा उच्च न्यायालय नागपुरातून उठून इथे आलं. नागपूरकडे जाणारा रस्ता इथे आजही नागपूर रोडच आहे. त्याच रस्त्यावर गढा भागात नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच्या लगत आयसीएमआरची आदिवासी आरोग्य संशोधन संस्था. मध्य प्रदेशातले कोविडचे पहिले चार रुग्ण सापडले तेही याच शहरात, २० मार्च २०२० रोजी. तिघं दुबईहून परतलेल्या एका कुटुंबातले, चौथा जर्मनीहून आलेला.

बनावट इंजेक्शनच्या प्रकरणातली गुन्हेगारी मला तितकी खुणावत नाही. टंचाई आली की भेसळ येते, दुधापासून बियाण्यापर्यंत आपण हे पाहिलेलं आहे. मला छळतो तो दुसराच प्रश्न. साखर-मिठाचं पाणी शिरेत गेलं तरी खाटेजवळच्या कोणालाच फरक कसा कळला नाही? हा बनाव उघड झाला तो पोलिसांच्या छाप्यातून. रुग्णाकडे पाहून तो कोणी ओळखला नव्हता. इन्शुलिनच्या जागी पाणी दिलं असतं तर काही तासांत बोंब झाली असती. भूल देणारं औषध नकली निघालं तर टेबलावरच कळतं. मग इथे का नाही? याचं उत्तर शोधायचं तर या औषधाच्या घराण्यात मागे जावं लागतं, पाऊणशेहून जास्त वर्षं.

जिवाणूंवर औषध शोधणं त्या मानाने सोपं. जिवाणूचा स्वतःचा संसार असतो, स्वतःची भिंत, प्रथिनं बनवायची स्वतःची यंत्रं. पेनिसिलिन त्या भिंतीवर घाव घालतं, आणि आपल्या पेशींना तशी भिंतच नसल्यामुळे आपण सुटतो. विषाणूकडे यातलं जवळपास काही नसतं. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच सामानावर आपल्या नकला काढून घेतो. त्याच्यावर घातलेला घाव आपल्यावर बसण्याची भीती फार. त्याचं स्वतःचं म्हणावं असं थोडंच असतं, आणि त्यात महत्त्वाचं म्हणजे जनुकीय साखळी विणणारं विकर, पॉलिमरेज. हे विकर पेशीतून एकेक घटक उचलतं आणि साखळीत ओवत जातं. साखर आणि तिला जोडलेला नत्रयुक्त तुकडा मिळून होतो तो न्यूक्लिओसाइड. त्याला तीन फॉस्फेट चिकटली की तो ओवायला तयार होतो.

विषाणूरोधक औषधांच्या सगळ्यात मोठ्या घराण्याचा धंदा इथे सुरू होतो. अस्सल न्यूक्लिओसाइडसारखं दिसणारं, पण कुठेतरी एक खोट असलेलं नाणं बनवायचं. विकराने ते खरं समजून घ्यावं आणि घेतल्यावर यंत्र अडकावं. एड्सवरची झिडोव्हुडिन, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, नागिणीवरचं असायक्लोव्हिर, हेपटायटिस सी बरा करणारं सोफोसबुव्हिर आणि आपलं रेमडेसिव्हिर, ही सगळी अशीच खोटी नाणी.

पहिलं खोटं नाणं माणसाने पाडलेलं नव्हतं. येल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ वेर्नर बर्गमन यांनी १९४५च्या सुमारास फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रातला एक स्पंज गोळा केला. त्यातून निघालेल्या न्यूक्लिओसाइडमध्ये नेहमीच्या रायबोजच्या जागी अरॅबिनोज ही साखर होती. दोघींत फरक एका हायड्रॉक्सिल गटाचा, तो वर आहे की खाली एवढाच. निसर्गातच असा बदललेला घटक सापडल्यावर प्रयोगशाळांनी तसे आणखी बनवायला घेतले. त्यांचं लक्ष तेव्हा विषाणूंकडे नव्हतं, कर्करोगाकडे होतं. झपाट्याने वाढणाऱ्या पेशीला नकली घटक खाऊ घातला तर ती थांबेल, असा हिशेब. या घराण्याचे पहिले बरेच वंशज कर्करोगाच्या वॉर्डसाठी जन्मले आणि तिथे नापास होऊन विषाणूंकडे आले, हे लक्षात ठेवावं.

येलमध्येच विल्यम प्रुसॉफ यांनी १९५९मध्ये आयडॉक्सयुरिडिन बनवलं. पोटात देण्याइतकं ते सुरक्षित नव्हतं. पण १९६२मध्ये हर्बर्ट कॉफमन यांनी डोळ्याच्या हर्पिसवर ते थेंबांतून वापरून पाहिलं आणि बुबुळावरचे व्रण भरून आले. मान्यता मिळालेलं हे पहिलं विषाणूरोधक औषध. डोळ्यात चाललं, कारण तिथे औषध वरून, नेमकं त्या जागी देता येतं. रक्तात सोडलं असतं तर त्याने आपल्या पेशींनाही फसवलं असतं.

इथे मुख्य वाट सोडून थोडं मद्रासला जायला हवं. घराणं वेगळं, पण या कथेचं सूत्र पहिल्यांदा हाती लागलं ते तिथे. मेथिसाझोन हे औषध न्यूक्लिओसाइड नव्हे. क्षयावर शोधल्या गेलेल्या थायोसेमिकार्बाझोन या कुळातलं ते. १९६३मध्ये बाउर, सेंट व्हिन्सेंट, केम्प आणि डाउनी यांनी मद्रासमध्ये देवीच्या रोग्यांच्या घरच्यांवर ते वापरून पाहिलं. औषध मिळालेल्या १,१०१ जणांपैकी तिघांना देवी आल्या, त्याही सौम्य. न मिळालेल्या १,१२६ जणांपैकी ७८ जणांना आल्या आणि १२ दगावले. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत हे यश इतकं झळझळीत राहिलं नाही, आणि पुढे लशीने देवीच हद्दपार केल्यामुळे औषधाची गरजही संपली. पण एक गोष्ट ठळक दिसली होती. ज्यांच्या अंगावर फोड उठून गेले होते त्यांना मेथिसाझोनचा उपयोग नव्हता. उपयोग होता तो ज्यांच्या अंगात विषाणू नुकता शिरला होता आणि बाहेर काहीच दिसत नव्हतं, त्यांना. विषाणू वाढत असतो तेव्हा माणूस धडधाकट दिसतो. माणूस आजारी दिसू लागतो तोवर विषाणूचं बरंचसं काम उरकलेलं असतं.

हेच असायक्लोव्हिरमध्ये पुन्हा दिसतं. बरोज वेलकम कंपनीत गर्ट्रूड एलियन आणि हॉवर्ड शेफर यांच्या चमूने १९७०च्या दशकात ते घडवलं, आणि या घराण्याला खरी अक्कल आली ती इथे. असायक्लोव्हिर तसं निष्क्रिय फिरत राहतं. त्याला पहिलं फॉस्फेट जोडतं ते हर्पिस विषाणूचंच एक विकर. म्हणजे ज्या पेशीत चोर शिरलेला आहे तिथेच हे नाणं चलनात येतं, बाकीच्या पेशींत पडून राहतं. आधीच्या औषधांचा सगळा विषारीपणा या एका युक्तीने आटोक्यात आला. एलियन यांच्याकडे पीएचडी नव्हती, नोकरी सांभाळून ती करता येईना म्हणून त्यांनी ती सोडून दिली होती. १९८८चं नोबेल त्यांना जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत मिळालं. आपल्याकडे नागीण उठली की असायक्लोव्हिर देतात, आणि डॉक्टर सांगतात की पुरळ आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करा. पण प्रत्यक्षात आधी लेप लावणारा गाठायचा, ‘तोंड आणि शेपटी जुळली तर’ काय होईल याची चर्चा करायची, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दवाखाना. औषध तेच, मात्रा तीच, फक्त विषाणू आपलं उरकून मज्जातंतूत परत गेलेला. मग महिनोनमहिने जळजळ राहते आणि लोक म्हणतात गोळ्यांनी काही झालं नाही.

झिडोव्हुडिनचं, म्हणजे एझेडटीचं, चरित्र तर चमत्कारिकच. डेट्रॉइटमध्ये जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६४मध्ये ते कर्करोगासाठी बनवलं. उंदरांच्या ल्युकेमियावर त्याचा काही परिणाम झाला नाही. हॉर्विट्झ यांनी पेटंटही घेतलं नाही आणि ते फडताळात गेलं. १९७०मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की काही विषाणू आरएनएवरून डीएनए उलटं लिहून घेतात, आणि त्यासाठी त्यांच्याकडे खास विकर असतं. १९८३मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्युक माँतान्ये यांनी एड्सचा विषाणू वेगळा केला. तो याच जातीचा निघाला. त्या उलट्या लिखाणाला थांबवणारं नाणं फडताळात वीस वर्षं पडलेलं होतं.

बरोज वेलकमने ते काढून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे पाठवलं, १९८५मध्ये तिथे हिरोआकी मित्सुया आणि सॅम्युएल ब्रोडर यांनी ते चालतं हे पाहिलं, आणि मार्च १९८७मध्ये मान्यता मिळाली. मधल्या चाचणीत २८२ रुग्ण होते. नुसती साखरेची गोळी मिळालेल्यांपैकी १९ जण गेले, एझेडटी मिळालेल्यांपैकी एक. त्यामुळे चाचणी मध्येच थांबवून सगळ्यांना औषध दिलं गेलं. इथे खोट्या आणि खऱ्या गोळीतला फरक लगेच, उघड्या डोळ्यांना दिसला होता.

तो दिसेनासाही लवकरच झाला. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समध्ये मिळून झालेल्या कॉनकॉर्ड चाचणीत लक्षणं नसलेल्या १,७४९ जणांपैकी काहींना एझेडटी लगेच सुरू केलं, काहींना आजार दिसल्यावर. तीन वर्षांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे लवकर देण्याचा नियम चुकीचा ठरला का? तसं नाही. एचआयव्ही नकला काढताना इतक्या चुका करतो की त्यातली एखादी चूक त्याला नाणं पारखायला शिकवते. एकाच छापाचं खोटं नाणं रोज दिलं तर तो थोड्या महिन्यांत ते ओळखू लागतो. १९९६मध्ये तीन वेगवेगळी औषधं एकदम देण्याची पद्धत रूढ झाली आणि मरणपंथाला लागलेले लोक उठून कामाला जाऊ लागले. तीन छाप एकाच वेळी ओळखायला लागणाऱ्या चुका सहसा एकत्र घडत नाहीत.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा ओळखला तो एका मराठी घरातल्या मुलीने, याची आपल्याकडे फारशी आठवण ठेवली जात नाही. सुनीती गायतोंडे मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या, चामड्याच्या व्यापारातल्या महाराष्ट्रीय कुटुंबातल्या. लग्नानंतर त्या डॉ. सुनीती सॉलोमन झाल्या. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असताना त्यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांना शहरातल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासायला सुचवलं. मद्रासमध्ये तशी चाचणी करायची सोय नव्हती. निर्मला नमुने घेऊन वेल्लोरला गेल्या, आणि १९८६च्या सुरुवातीला सहा नमुने होकारार्थी निघाले. हा आजार आपल्याकडचा नाहीच, अशी तोवर सगळ्यांची समजूत होती. पुढे सुनीतीबाईंनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं आणि एड्सच्या रुग्णांवर उपचार केले.

औषध होतं, पण वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरचं. त्याचा भाव पडला त्यामागे १९७०चा पेटंट कायदा आहे. त्या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट द्यायचं बंद केलं, फक्त बनवण्याच्या कृतीवर ठेवलं. दुसऱ्या कृतीने तोच रेणू बनवला तर तो आपला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं घालवून हैदराबादला गेलेले ए. व्ही. रामा राव यांनी एझेडटीची स्वस्त कृती बसवली आणि मुंबईच्या सिप्लाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बाजारात आणलं. फेब्रुवारी २००१मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद यांनी स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन हे तिहेरी औषध वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं. आफ्रिकेत लाखो माणसं जगली ती या भावामुळे. १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने आठ रुग्णालयांत ही औषधं फुकट द्यायला सुरुवात केली, मुंबईचं जे. जे. त्यांत होतं.

आता थेट रेमडेसिव्हिरच्या आजोबांकडे. ते प्रागचे. चेकोस्लोव्हाकिया पोलादी पडद्याआड असताना तिथल्या सेंद्रिय रसायनशास्त्र संस्थेत अँटोनिन होली हे खोटी नाणी पाडत बसले होते. नाणी बेल्जियमच्या लुव्हेनला एरिक डी क्लर्क यांच्याकडे जात, तिकडे विषाणूंवर पारख होई. १९७६मध्ये दोघांची गाठ पडली आणि भागीदारी आयुष्यभर टिकली. त्यांनी सोडवलेली अडचण अशी: नाणं चलनात यायला तीन फॉस्फेट लागतात, आणि त्यातलं पहिलं जोडणं हीच सगळ्यात अवघड पायरी. बऱ्याच पेशी ती करतच नाहीत. होली यांनी ते पहिलं फॉस्फेट आधीच, न तुटणाऱ्या बंधाने जोडून टाकलं. १९८६मध्ये त्यांचा निबंध आला, आणि त्या कुळातलं टेनोफोव्हिर अमेरिकेच्या गिलिअड कंपनीने २००१मध्ये बाजारात आणलं.

दुसरा मार्ग वेल्समधल्या कार्डिफचे क्रिस मॅकगिगन यांनी काढला. फॉस्फेटवर एक रासायनिक बुरखा चढवायचा, म्हणजे ते पेशीच्या चरबीच्या आवरणातून आत सरकतं, आणि आत गेल्यावर पेशीच बुरखा उतरवते. याच युक्तीने घडलेलं सोफोसबुव्हिर २०१३मध्ये आलं. बारा आठवड्यांत हेपटायटिस सी बरा, अमेरिकेतली किंमत ८४,००० डॉलर.

हेच दोन वारसे रेमडेसिव्हिरमध्ये एकत्र आले. गिलिअडमध्ये त्यावर काम करणाऱ्यांचा एक म्होरक्या टोमाश सिहलार्झ, प्रागच्या त्याच संस्थेत होली यांच्या हाताखाली तयार झालेला. अॅडेनोसिनच्या अंगावर एका जागी सायनो गट बसवला, वर मॅकगिगन पद्धतीचा बुरखा. कोरोनाच्या कुळातले विषाणू इतरांपेक्षा लबाड असतात. त्यांच्याकडे नक्कल तपासून चूक कापून टाकणारं आणखी एक विकर असतं, त्यामुळे साधं खोटं नाणं लगेच काढून टाकलं जातं. रेमडेसिव्हिर साखळीत बसल्यावर ताबडतोब अडवत नाही. पुढचे तीन घटक ओवू देतं आणि मग साखळी अडते. तोवर खोट आत गेलेली असते, सहज कापता न येणारी. कारागिरी म्हणून हे अप्रतिम आहे, यात शंका नाही.

पण कारागिरी आणि उपचार वेगळे. २०१८-१९मध्ये काँगोमध्ये इबोलावर चार औषधांची तुलना झाली, तीत रेमडेसिव्हिर घेतलेल्या ५३ टक्के रुग्णांचा मृत्यू झाला आणि दोन प्रतिपिंड औषधं त्याच्यापेक्षा सरस ठरली. शिवाय यकृत हे औषध पहिल्याच फेरीत तोडून टाकतं, म्हणून गोळी करता येत नाही, शिरेतूनच द्यावं लागतं. म्हणजे रुग्णालय लागतं. म्हणजे रुग्ण रुग्णालयात दाखल होण्याइतका आजारी व्हायची वाट पाहावी लागते. ज्या औषधाचा उपयोग पहिल्या चार-पाच दिवसांत, ते बहुतेकदा आठव्या-दहाव्या दिवशी पोचणार, हे त्याच्या नशिबात रसायनशास्त्रानेच लिहून ठेवलं होतं.

कोविडच्या बाबतीत २०२० सालीच हे कळायला आकडे हाताशी होते. जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू एक तृतीयांशाने कमी करतं ते डेक्सामेथासोन, काही रुपयांना मिळणारं जुनं स्टेरॉइड. कारण त्या टप्प्यावर माणूस मारला जातो तो विषाणूपेक्षा स्वतःच्या शरीराच्या बेभान प्रतिकाराने. ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत रेमडेसिव्हिरने मृत्यू कमी होताना दिसले नाहीत, आणि २० नोव्हेंबरला संघटनेने दाखल रुग्णांना ते न देण्याची शिफारस केली. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत बरं व्हायचे दिवस पंधराचे दहा झाले होते, तेही खरं. त्यात जास्त फायदा झाला तो थोडा ऑक्सिजन लागणाऱ्यांना. व्हेंटिलेटरवर गेलेल्यांना नाही.

आणि मग एप्रिल २०२१. एका रुग्णाला पाच दिवसांत सहा व्हायल्स. गिलिअडने भारतातल्या कंपन्यांना परवाने दिलेले होते, केंद्राने ११ एप्रिलला निर्यात बंद केली, किमती उतरवल्या, सगळ्यात स्वस्त व्हायल ८९९ रुपयांवर आली. पण छापील किमतीला ती मिळत नव्हती. नागपुरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने राज्य सरकारला शहरासाठी १०,००० व्हायल्स देण्याचा आदेश दिला. जबलपूरच्या उच्च न्यायालयातही रेमडेसिव्हिरच्या तुटवड्याचा प्रश्न आला. एकेकाळी एका प्रांतात असलेल्या दोन शहरांत न्यायाधीश औषधाच्या व्हायल्स मोजत होते. ६ मे रोजी मध्य प्रदेश सरकारचं रेमडेसिव्हिर घेऊन आलेलं विमान ग्वाल्हेरच्या धावपट्टीवर घसरून पडलं. औषधासाठी विमानं उडत असलेल्या त्या आठवड्यात डेक्सामेथासोन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होतं. त्याच्यासाठी कोणी कोर्टात गेलं नाही.

डॉक्टरने चिठ्ठी लिहून नातेवाइकाच्या हातात दिली की पुढचा सगळा भार त्या नातेवाइकावर. ‘आणू शकलो नाही’ हे शब्द आयुष्यभर पुरतात, म्हणून माणसं दागिने विकून व्हायल आणत होती. डॉक्टरांनाही काहीतरी केल्याचं समाधान हवं होतं, आणि समोरच्या माणसाला ‘आता विषाणूवरच्या औषधाची वेळ गेली’ असं सांगणं त्या वॉर्डात कोणाला जमणार होतं? मी त्यांना दोष द्यायला धजत नाही. पण बनावट मालाला जागा मिळाली ती इथे. सुरतजवळच्या एका फार्महाऊसवर ग्लुकोज-मीठ भरून, वर अस्सल दिसणारं लेबल चिकटवून व्हायल्स निघत होत्या. जबलपुरात एका खासगी रुग्णालयाच्या संचालकाला अटक झाली, राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागला.

दहाव्या दिवशी, फुप्फुसं भरून आल्यावर दिलेली अस्सल व्हायलसुद्धा डोळ्यांना दिसेल असा फरक करत नव्हती. काही रुग्ण वाचत होते, काही जात होते, औषध दिलं तरी आणि न दिलं तरी. त्या गर्दीत नकली व्हायल ओळखायची कशी? एझेडटीच्या चाचणीत एकोणीस विरुद्ध एक असा फरक पडला होता. इथे तो शेकड्यांनी रुग्ण मोजले तरी जेमतेम दिसणारा.

तेच औषध वेळेवर दिलं असतं तर काय झालं असतं, याचाही आकडा आहे. पाइनट्री या चाचणीत धोका जास्त असलेल्या, पण अजून घरीच असलेल्या ५६२ जणांना लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत तीन दिवस रेमडेसिव्हिर किंवा औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. औषध घेतलेल्यांत रुग्णालयात जायची वेळ ८७ टक्क्यांनी कमी आली. हा निबंध छापून आला डिसेंबर २०२१मध्ये.

मांजरांची गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, विषयांतर वाटलं तरी. मांजरांना एका कोरोनाविषाणूमुळे एक आजार होतो, बहुतेकदा जीवघेणा. कॅलिफोर्नियातले पशुवैद्यक नील्स पेडरसन यांनी रेमडेसिव्हिरचाच मूळ, बुरखा नसलेला रेणू मांजरांना टोचला आणि २०१९मध्ये छापलं की बहुतेक मांजरं वाचली. गिलिअडने त्याला पशुवैद्यकीय परवाना मिळवला नाही. तेव्हा जगभरचे मांजरवाले चीनमधून लेबल नसलेल्या व्हायल्स काळ्या बाजारात घेऊ लागले, रोज टोचू लागले, बारा-बारा आठवडे. तो मालही चोरटाच होता. पण आत औषध होतं आणि मांजराच्या अंगात विषाणू अजून वाढत होता, म्हणून मांजरं बरी झाली.

जबलपूरच्या नागपूर रोडवरच्या त्या वैद्यकीय महाविद्यालयात एचआयव्हीवरच्या उपचारांचं, एआरटी केंद्र आहे. रेमडेसिव्हिरची सख्खी चुलत भावंडं तिथे वर्षानुवर्षं फुकट वाटली जातात. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि त्यांच्या जोडीला डोल्युटेग्राव्हिर, तिन्ही मिळून एक गोळी. प्रागच्या होलींचं नाणं त्यात आहे, लॅमिव्हुडिन माँट्रिअलहून आलेलं. त्या गोळीसाठी विमान गेल्याचं किंवा कोणी तिची नक्कल करून विकल्याचं मी ऐकलेलं नाही. पूर्वी रक्तातल्या सीडी४ पेशी ठरावीक आकड्याखाली आल्याशिवाय औषध सुरू होत नसे. २०१५मध्ये स्टार्ट चाचणीने लवकर सुरू करण्याचा फायदा दाखवला, आणि २०१७पासून भारतात तो आकडा पाहायचं बंद झालं. चाचणी होकारार्थी आली की माणूस कितीही ठणठणीत दिसो, गोळी शक्य तितक्या लवकर सुरू. समुपदेशक तिथे औषधाच्या नावावर फार वेळ घालवत नाहीत. विचारतात ते एवढंच की रोज किती वाजता घ्याल, आणि कामावर असाल तेव्हा डबी कुठे ठेवाल.